सातवा आकार कोणी काढला

"आणि ही आमची सॅम्पलवाली," सर माइकवरून म्हणाले. "हिचे आभार मानायलाच हवेत. बाकीची मंडळी ज्याच्या नावानेही नाक धरतात, ते ही घरोघर फिरून डब्यांतून गोळा करून आणते. आणणारच! पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आहे घराण्यात. रक्तातच आहे म्हणा ना. आम्ही फक्त त्याचं सायन्स केलं."

हॉल हसला. चोरून नाही, मोकळा हसला. पहिल्या रांगेतल्या एका डॉक्टरांनी तर टाळीसाठी शेजाऱ्यापुढे हात केला. मी स्टेजच्या कडेला उभी होते. हातात ट्रे, ट्रेमध्ये केक कापायची सुरी.

मीही हसले.

हे आधीच लिहून टाकते. नंतर लिहायचं म्हटलं तर गाळून टाकेन, मला माझी खात्री नाही. मी दात दाखवून हसले आणि वर मानही हलवली, जसं काही सरांनी माझं कौतुकच केलं. विष्ठेची मला कधी किळस आली नव्हती. त्या हसण्याची अजून येते.

हॉस्पिटल मीरा रोडचं. सर पोटाच्या आजारांचे मोठे डॉक्टर, आणि त्याहून मोठे संशोधक. त्या दिवशीचा समारंभ त्यांच्या सायटेशनचा होता. सायटेशन म्हणजे दाखला. जगात कुठेही कुणी शोधनिबंध लिहिताना तुमच्या निबंधाचा दाखला दिला की तुमच्या नावावर एक चढतो. सरांच्या नावावरचे दाखले चार आकडी झाले होते. मागच्या बॅनरवर सरांचा फोटो आणि शेजारी तो आकडा. आकडा फोटोपेक्षा मोठा. केक जठराच्या आकाराचा होता, गुलाबी. खोटं नाही सांगत. सगळ्यांनी आवडीने खाल्ला.

तो आकडा मला पाठ होता. दर सोमवारी सकाळी माझं पहिलं काम तेच असायचं. इंटरनेटवर जाऊन सरांच्या नावापुढचा आकडा बघायचा आणि केबिनबाहेरच्या पांढऱ्या फळ्यावर मार्करने लिहायचा. मागचा पुसून नवा. वाढला नसेल तर सर आलेला चहा परत पाठवायचे. बरा वाढला असेल तर सगळ्या डिपार्टमेंटला समोसे. हसू येईल तुम्हाला, पण आम्ही सगळेच सोमवारी त्या आकड्याकडे डोळे लावून बसायचो. मी जरा जास्तच. मला वाटायचं, ह्यात थोडा माझाही वाटा आहे.

असं का वाटायचं ते सांगते.

आम्ही मूळचे रायगडकडचे. राहायला भाईंदर पूर्वेला, केबिन रोडच्या आतल्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर एक खोली. बाबा पालिकेत सफाई कामगार होते. मी चौथीत असताना गेले. आमच्यात एक वारसाहक्क असतो. लोकांना वारसाहक्क म्हटलं की जमीन, फ्लॅट, दागिने आठवतात. आमचा वारसाहक्क म्हणजे झाडू. कामगार गेला किंवा निवृत्त झाला की घरातल्या एकाला तीच नोकरी. बाबांच्या जागी आई लागली. आई निवृत्त झाली की तिच्या जागी मी लागायचं, हे ठरलेलंच होतं. नोकरी कायमची. फक्त एक अर्ज भरायचा.

मी बी.एस्सी. झाले होते, सूक्ष्मजीवशास्त्र घेऊन. दोन-तीन लॅबमध्ये किरकोळ कामं करत होते. मी अर्ज भरला नाही. नातेवाइकांनी आईला वेड्यात काढलं. चुलते तर घरी येऊन म्हणाले, "पोरीला अक्कल नाय, तुला पन नाय?" आई एवढंच म्हणाली, "माजा झाडू माज्यापाशीच संपू दे." त्यानंतर चुलते दोन वर्षं आमच्याकडे आले नाहीत.

मग मी ह्या हॉस्पिटलात लागले. कंत्राटावर, अकरा अकरा महिन्यांच्या. कार्डावर 'फील्ड स्टाफ'. ही झाडूची सगळी गोष्ट मी इंटरव्ह्यूत सरांना सांगितली होती. कुणी विचारली नव्हती, अभिमानाने मीच सांगितली. सर खुर्चीतून पुढे झुकले आणि म्हणाले, "वा! अशीच माणसं हवीत मला." मी घरी येऊन आईला म्हटलं, आई, सर देवमाणूस आहे.

त्या देवमाणसाने ती गोष्ट सहा वर्षं नीट जपून ठेवली आणि माइकवर काढली.

काम होतं पोटाच्या तक्रारींच्या पाहणीचं. एका बाजूला भाईंदर पूर्वेच्या इमारती, दुसऱ्या बाजूला उत्तनकडची गावं, डोंगरी वगैरे. घरोघर जायचं, प्रश्नावली भरून घ्यायची, नमुन्याची डबी द्यायची, दुसऱ्या दिवशी भरलेली डबी आणायची. प्रश्नावली इंग्रजीतून मराठीत कोणा विद्वानाने केली होती. पहिलाच प्रश्न: "आपणांस मलावरोधाचा त्रास होतो काय?"

डोंगरीत पहिला आठवडाभर मी तो प्रश्न दारोदार विचारला. सगळ्यांचं एकच उत्तर. न्हाय. दुसरा प्रश्न, न्हाय. तिसरा, न्हाय. एका आजोबांनी मला बसवून पाणी दिलं आणि विचारलं, "सरकारी हाय का? मंग समद्याला न्हाय लिव." मी ते कागद सरांपुढे ठेवले. सरांनी चाळले. "हे लोक खोटं बोलतात," म्हणाले. "ह्यांना स्वतःचा आजार सांगायचीही अक्कल नसते." मी "हो सर" म्हटलं. म्हणजे माझी सवय तेव्हापासूनची.

पण मला ते पटलं नव्हतं. माणसं खोटं बोलत नव्हती. त्यांना प्रश्नच कळत नव्हता, आणि कळला असता तरी परक्या पोरीला, दारात उभं राहून, शेजारीण ऐकत असताना कोण सांगणार? बरोबर एक परदेशी तक्ता असायचा. त्यात शौचाचे सात आकार काढलेले. त्यातला आपला कोणता ते सांगायचं. तो कागद उघडला की बायका पदर तोंडाला लावून आत पळायच्या.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी गणपतीचा कारखाना आहे. मी तिथून शाडूची माती मागून आणली. कारखान्यातल्या काकांनी विचारलं, "घरी मूर्ती करतेयस काय?" मी "हो" म्हटलं. गणपती मला माफ करील. नुसती शाडू वाळली की तडकते, तीत कापूस मळायचा, हे त्या काकांनीच शिकवलं. मी घरी आईच्या पोळपाटावर माती ठेवली आणि आईने पोळपाट हिसकावून घेतला. मग जुन्या पाटावर बसून मी सातही आकार वळले, वाळवले, रंगवले. ठेवायला दुसरं काही नव्हतं म्हणून मिठाईच्या रिकाम्या खोक्यात ठेवले.

इथे चूक झाली. डोंगरीत पहिल्याच घरातल्या म्हातारीला वाटलं मी पेढे आणलेत. "कोनाचं ठरलं गो?" म्हणत तिने स्वतःच झाकण उघडलं. मी अडवेपर्यंत उशीर झाला होता. म्हातारी बघतच राहिली. आणि मग जी हसायला लागली! शेजारणीला हाक मारली. शेजारीण सुनेला घेऊन आली. पाच मिनिटांत ओट्यावर आठ बायका आणि मधे माझं खोकं. तोंडाने एक शब्द काढायची गरज नाही, नुसतं बोट ठेवायचं. "माजा ह्यो." "माजा ह्यो, नि त्यो पन तीन दिसांनी." इतके दिवस जे न्हाय होतं ते सगळं हाय झालं. मला लिहायला हात पुरेना.

त्याच ओट्यावर मला एक काकू भेटल्या. स्वतःच्या वाडीतली भाजी घेऊन त्या पहाटेच्या पहिल्या बसने भाईंदरला यायच्या, फुटपाथवर बसायच्या, दुपारी परत. त्यांनी दोन आकार उचलले, एका हातात एक, वजन करतात तसे.

"ह्ये दोन येकच हायत गो बाय. सातवा कसाला ठेवलास?"

मी बाकीच्या बायकांना विचारलं. कोणालाच त्या दोघांतला फरक सांगता येईना. मग मी आणखी चाळीस घरं सातही आकार घेऊन फिरले. कोण कशावर बोट ठेवतं, दुसऱ्यांदा विचारलं की बोट बदलतं का, सगळं वहीत लिहीत गेले. त्या दोन आकारांवरून बोटं सारखी इकडची तिकडे व्हायची. शेवटी मी सातवा खोक्यातून काढून टाकला. राहिले सहा.

आणि काकूंनीच मला दुसरी गोष्ट सांगितली, जी मी विचारलीच नव्हती. "बाजारात बसलाव की जायाचं कुठं? सकालपासून कोंडून ठेवायचं. पानी पन पियाचं न्हाय. पियालं तर जावा लागतं." आम्ही विचारत होतो, काय खाता. विचारायला हवं होतं, दिवसभर बसता कुठे. मी प्रश्न बदलले. बाजारात बसणाऱ्या बायकांना वेगळं विचारायला लागले. एक वही भरली, दुसरी भरली. दोन्हींतलं जेवढं कामाचं तेवढं सरांना वाचून दाखवलं. सर ऐकता ऐकता खुर्चीतून उठून उभे राहिले. "अगं, हा पेपर आहे!" म्हणाले.

पेपर आला. परदेशी नियतकालिकात. लेखक म्हणून सरांचं नाव, सरांच्या पत्नीचं नाव, ज्या कातडीच्या डॉक्टर आहेत, दोन ज्युनिअर डॉक्टरांची नावं आणि एका अशा माणसाचं नाव ज्याला मी आजपर्यंत पाहिलेलं नाही. आत एक रंगीत फोटो. तळहातावर शाडूचा आकार. तळहात माझा. मनगटावरची काचेची बांगडी तेवढी कापली होती. खाली लिहिलं होतं, लेखकांनी विकसित केलेलं साधन. शेवटी आभारांत अर्धी ओळ, क्षेत्रीय कर्मचाऱ्यांच्या सहकार्याबद्दल.

मी विचारलं होतं. भीत भीत. "सर, माझं नाव..." सर हसून म्हणाले, "अगं, घाई काय आहे? पुढच्या पेपरात टाकू." पुढचा पेपर झाला. त्याच्या पुढचा झाला. प्रत्येक वेळी पुढचाच. पहिल्या पेपरचे दाखले मात्र वाढत गेले. कुठल्या कुठल्या देशांतल्या लोकांनी ते आकार करून वापरले. सोमवारी फळ्यावर लिहिताना मला ठाऊक असायचं, ह्यातले निम्म्याहून जास्त ह्या एकाच पेपरचे आहेत. तेव्हा मी आकडा जरा ठसठशीत काढायचे. वेडीच होते.

नाव मला मिरवायला नको होतं. मला पुढे शिकायचं होतं. सार्वजनिक आरोग्याच्या कोर्ससाठी एका संस्थेत मुलाखतीला गेले. समोरच्या बाईंनी अर्ज बघून विचारलं, "प्रकाशित काय आहे तुमचं?" मी म्हटलं, आमच्या सरांच्या पेपरात ते मातीचे आकार आहेत ना, ते मी केलेत. बाई म्हणाल्या, "हो, वाचलाय तो पेपर. लेखकांत तुमचं नाव आहे?" मी नाही म्हटलं. "मग पुढच्या वर्षी प्रयत्न करा," म्हणाल्या. मी बाहेर आले आणि मोबाइलवर बाईंचे निबंध काढून बघितले. एकात आमच्या पेपरचा दाखला होता.

तर अशी मी, त्या समारंभात ट्रे घेऊन उभी.

समारंभ संपल्यावर सरांनी केकचा एक तुकडा कागदात बांधून दिला. "आईला दे, माझ्याकडून." मी घेतला. तोही घेतला.

घरी आई तांदूळ निवडत बसली होती. केक बघून तिने विचारलं, "तुज्याविषयी काय बोलले सर?" सांगायचं नव्हतं. पण तोंड उघडलं आणि शब्दाला शब्द सगळं बाहेर आलं, माइकसकट, टाळीसकट. तिचा हात थांबला.

"मग तू काय केलंस?"

"हसले."

मला वाटलं ती चिडेल. सरांना दोन शिव्या घालील, माझ्या पाठीवरून हात फिरवील. तिने ह्यातलं काही केलं नाही. ती ताटाकडे बघत म्हणाली, "मी पन हसायची. मुकादम बोलायचा आनि आम्ही सगल्या हसायचो. अठरा वर्सं हसले. मला वाटलं, तू शिकलीस, तुजं तरी ते सुटलं आसंल."

आणि उठून मोरीत गेली, तांदूळ तसेच टाकून.

सरांच्या बोलण्याने मला लाज वाटली होती. आईच्या बोलण्याने राग आला. पण सरांचा नाही, आधी स्वतःचाच आला, इतका की बसवेना. दहा बाय बाराच्या खोलीत येरझाऱ्या तरी किती घालणार. जिना उतरले, केबिन रोडला गेले, स्टेशनपर्यंत चालले, परत आले, परत गेले. भाजीवाल्याने दोनदा विचारलं, "क्या चाहिए मैडम?" काय पाहिजे ते मलाच कळत नव्हतं. पुढचे चार दिवस तसेच गेले. जेवताना हसू आठवायचं आणि मी ताटावरून उठायचे. फळ्यावर सोमवारचा आकडा लिहिताना मार्कर दाबला गेला आणि त्याचं टोक आत गेलं.

पाचव्या दिवशी सरांनी केबिनमध्ये बोलावलं.

"अगं, ये. बस."

सहा वर्षांत पहिल्यांदा बस म्हणाले. शेजारी एक ज्युनिअर डॉक्टर लॅपटॉप उघडून बसली होती. नवा पेपर तिच्याकडे होता, त्या सहा आकारांवरचाच, सगळ्यांत मोठा. पेपर छापण्याआधी नियतकालिकाचे परीक्षक तो वाचतात आणि शंका विचारतात. परीक्षकाने विचारलं होतं: मूळ तक्त्यात आकार सात, तुमच्याकडे सहाच का? सातवा कोणी काढला, कशाच्या आधाराने काढला, तपासला कसा? आणि हे साधन नेमकं कशाचं बनलेलं आहे?

मसुदा माझ्यासमोरच होता. त्यात लिहिलं होतं की साधन रेझिनचं, म्हणजे एका तऱ्हेच्या प्लॅस्टिकचं आहे आणि तज्ज्ञांच्या बैठकांमधून तयार झालं आहे. हा माणूस इतकी वर्षं देशोदेशी ह्या साधनावर भाषणं देत होता आणि ते कशाचं आहे हे त्याला माहीत नव्हतं. कारण त्याने ते कधी हातातच घेतलं नव्हतं. माती स्वच्छ होती, पण आकार कशाचा होता!

"दोन पानं लिहून दे," सर म्हणाले. "सहाच का, एवढंच. 'आम्ही' असं करून लिही. संध्याकाळपर्यंत. आणि तुझ्या त्या जुन्या वह्या इथे आणून ठेव."

मी संध्याकाळी पाच पानं घेऊन गेले. मी शाडू आणली. मी तीत कापूस मळला. मी आकार वळले. सातव्या आकाराची गरज नाही हे डोंगरीच्या एका भाजी विकणाऱ्या बाईंनी दाखवून दिलं, मी ते चाळीस घरांत तपासलं आणि तो काढला. बाजारातला प्रश्नही त्याच बाईंनी मला शिकवला. वर माझं पूर्ण नाव आणि शिक्षण. 'आम्ही' एकदाही नाही.

सरांनी वाचलं. चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"हे 'मी' काय आहे?"

"लेखकांत माझं नाव घाला, सर. मग वह्या देते."

"अगं, असं नसतं. लेखक म्हणजे बौद्धिक योगदान लागतं."

"मग सहाच का, ते तुम्ही सांगा ना त्यांना."

सर ज्युनिअर डॉक्टरकडे बघायला लागले. ती स्क्रीनकडे बघायला लागली. मी विचारलं, "माझं नाव घातल्याने तुमचं काय कमी होईल, सर?"

भांडायला नव्हतं विचारलं. मला खरंच जाणून घ्यायचं होतं. इतक्या वर्षांत माझा मलाच त्याचा उलगडा झाला नव्हता. सरांनी विचार केला आणि मला वाटतं, माझ्याशी पहिल्यांदाच खरं बोलले.

"पेपरची लेव्हल जाते गं," ते म्हणाले. आणि ओठांच्या कोपऱ्यातून थोडं हसले, समजून घे अशा अर्थाने.

माझे गाल वर जायला लागले. शपथेवर सांगते. डोक्यात जाळ झाला होता आणि चेहरा मात्र आपला सवयीने हसायला निघाला होता. मला ते आतून कळलं. मी दात एकमेकांवर घट्ट दाबले आणि चेहरा जागच्या जागी धरून ठेवला. एवढीशी गोष्ट, पण घाम फुटला. सर माझ्या हसण्याची वाट बघत होते. ते आलं नाही तसं त्यांचंही हसू गेलं.

"वह्या मिळणार नाहीत," मी म्हटलं. "ह्या पानांची दुसरी प्रत मी संपादकांना पाठवणार आहे."

"तुझं कॉन्ट्रॅक्ट महिनाअखेर संपतंय. माहीत आहे ना?"

"माहीत आहे."

मी पाठवली. त्याआधी केबिन रोडवरच्या झेरॉक्सच्या दुकानात बसून दोन्ही वह्या पानापानाने स्कॅन करून घेतल्या. दुकानदार एका पानाशी थांबला. त्यावर सातही आकार पेन्सिलने काढलेले होते. "ये क्या है मैडम?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "रिसर्च." "किसका?" "मेरा." त्याने खांदे उडवले आणि पुढचं पान लावलं. महिनाअखेर कार्ड जमा करून मी हॉस्पिटलच्या बाहेर आले.

मग डोंगरीला गेले. काकूंचं बोलणं मी लिहिलं होतं, त्यांना विचारायला तर हवं. खरं तर ते आधीच विचारायला हवं होतं. रिक्षातून उतरले तेव्हा काकू वाडीत पाणी घालत होत्या. मी सगळं सांगितलं. पेपर, दाखले, कुठले कुठले देश, सर, माझं नाव. काकूंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"मंग त्या कागदानं बाजारात संडास झाला का?"

"नाही, काकू."

"समद्या जगात गेला म्हनतंस, नि भाईंदरला न्हाय आला?"

माझं नाव गेलं म्हणून मी जळत होते. पण ह्या बायकांना पेपरात काय निघालं हे सांगायलाही सहा वर्षांत कोणी आलं नव्हतं. मीसुद्धा नाही. सॅम्पल घेतलं, वही भरली, बस पकडली. मी ते कबूल केलं. काकू म्हणाल्या, "लिव आता. माजं नाव नको टाकू, सुना हसतील. पन भाजी विकते म्हनून लिव, नि संडास न्हाय त्ये पन लिव."

पुढच्या आठवड्यात ज्युनिअर डॉक्टरचा फोन आला.

"ताई, सर म्हणतायत, तू ते पत्र मागे घे. आभारात तुझं नाव टाकतो म्हणाले. वेगळी ओळ, पूर्ण नाव. आणि कॉन्ट्रॅक्टही चालू करतील."

"आभार कोणाचे मानतात, डॉक्टर?"

"म्हणजे... ज्यांनी मदत केली त्यांचे."

"मी मदत नाही केली. मी काम केलंय. मदत सरांनी केली, त्यांचे आभार मी मानेन."

ती हळू आवाजात म्हणाली, "त्या दिवशी मी काहीच बोलले नाही, ताई."

"हो," मी म्हटलं. "बघितलं मी."

तिला बरं वाटेल असं काही मी बोलले नाही. पूर्वी बोलले असते.

संपादकांचं उत्तर आलं आहे. सभ्य आहे. अशा वादात ते स्वतः निकाल देत नाहीत, संबंधित संस्थेकडे, म्हणजे आमच्या हॉस्पिटलकडेच, चौकशीसाठी पाठवतात. तिथे चौकशी समिती आहे आणि समितीचे अध्यक्ष सर आहेत. म्हणजे माझी तक्रार फिरून त्यांच्याच टेबलावर जाणार. त्यांना वाटत असेल, इथे रस्ता संपला.

पण दाखल्यांची यादी उघडी असते. कोणालाही दिसते. सरांच्या त्या पेपरचा आधार जगात कोणी कोणी घेतला, एकेक नाव तिथे आहे, आणि प्रत्येक निबंधावर लेखकाचा ईमेल छापलेला आहे. मी पहिल्यापासून सुरुवात केली आहे. सकाळी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, दुपारी घरी येऊन पत्रं पाठवते. रोज पाच. पत्रात रडगाणं नाही. तुम्ही वापरलेले आकार कशाचे होते, कोणी वळले, सातवा कोणी काढला आणि का. हे ज्ञान ज्या बाजारातून आलं तिथे भाजी विकणाऱ्या बायकांना जायला आजही जागा नाही. सोबत वहीची पानं. खाली माझं नाव आणि आडनाव. मुलाखतीतल्या बाईंनाही गेलं आहे.

उत्तरं तीन आली आहेत. एकाने पुरावे मागितले, ते पाठवले. एकीने लिहिलं, वाईट वाटलं. तिसऱ्याने विचारलं आहे की तुम्ही हे करताय ते तुमच्या सरांना माहीत आहे का. मी त्याला लिहिलं, माहीत नसेल तर तुम्ही कळवा, आणि सरांचा ईमेलही दिला.

आई विचारते, किती दिवस चालणार हे? मला नाही माहीत. सरांचे दाखले रोज वाढतायत. वाढू देत. ते जितके वाढतील तितकी पत्रं मी लिहीन, आणि एकही नाव गाळणार नाही.